मँगो, मंत्री आणि टाकं: एका डिसर्टेशनची हकिगत

एम. ए. भाषाविज्ञान बाहेरून करणाऱ्यांना शेवटच्या वर्षी डिसर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रबंध, नावाचा डोंगर लागतो. माझं यंदाच्या मार्चमध्ये पार पडलं. विषय होता पोर्तुगीज आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सापडणारे उसने शब्द आणि त्यांचा उगम. नोकरी आणि घर सांभाळून, तालुक्याच्या गावात बसून असला विषय घेणाऱ्याला कुठे काय अडतं हे आधी कळलं तर बराच मनस्ताप वाचतो, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी सावंतवाडी भागात ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते. पोर्तुगीजचा गंध नव्हता. पण पणजी दोन तासांवर, आणि घरात पाव, पगार, चावी, साबण, बटाटा हे शब्द पिढ्यानपिढ्या वावरणारे. हे शब्द पोर्तुगीज आहेत एवढं शाळेतच शिकवतात. मला कुतूहल वेगळं होतं. काजू, व्हरांडा, आया, प्यून हे शब्द इंग्रजीतही आहेत. मग कुणी कुणाकडून घेतले?

जूनमध्ये नोंदणी केली. सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याची, मुदत ऑगस्टअखेर. गाइड मिळाले ते निवृत्त प्राध्यापक, बोलायला मृदू, लाल पेनाला मात्र अजिबात नाही. मी उत्साहाने भली मोठी यादी करून पाठवली. फॅमिली आणि फामीलिया, नेशन आणि नासांव, अशा जोड्यांनी पानंच्या पानं भरली होती. उत्तर आलं: "मॅडम, ही यादी सख्ख्या-चुलत भावंडांची आहे, उसनवारीची नाही. लॅटिनकडून दोघांना वेगवेगळं मिळालेलं वगळा. मग उरेल त्याचं बोला."

वगळल्यावर तीन ढीग उरले आणि सिनॉप्सिस त्यांच्यावरच उभा राहिला. पहिला ढीग अरबीतून आलेल्यांचा. पोर्तुगालवर कित्येक शतकं अरबी भाषेची छाया होती. तिथे कापसाला आल्गोदांव म्हणतात, म्हणजे अरबीतलं 'अल' हे उपपदही शब्दासोबत उचललं. इंग्रजांना तोच शब्द फिरत फिरत मिळाला तेव्हा ते गळालं होतं, म्हणून कॉटन. साखरेचंही तेच: आसूकार आणि शुगर, दोघांच्या मुळाशी अरबी सुक्कर आणि त्याच्याही मागे आपली शर्करा. दुसरा ढीग उलट्या दिशेचा, इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्यांचा: बीफचं बीफी, फुटबॉलचं फुतेबॉल, क्लबचं क्लूबी, लीडरचं लीदेर. यांत फार काही शोधायचं नसतं, सारे अलीकडचे. तिसरा ढीग मोठा आणि भानगडीचा: पोर्तुगीज जहाजांनी आफ्रिका, भारत, मलाया, चीन, ब्राझील इथून उचललेले आणि पुढे इंग्रजीला पोचवलेले शब्द. गाइडनी सांगितलं, तिसऱ्यावरच काम करा आणि तीस शब्दांच्या पुढे जाऊ नका. ही मर्यादा तेव्हा जाचली. पुढे तिच्यामुळेच काम तडीस गेलं.

एक जोडी इथेच सांगते, कारण तिच्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. पोर्तुगीजमध्ये लांशी म्हणजे मधल्या वेळचं खाणं, ते इंग्रजी लंचवरून. लांशा म्हणजे होडी, ती मलाय भाषेतल्या लांचारान या वेगवान बोटीच्या नावावरून. इंग्रजीत लाँच नावाची बोट आहे ती या लांशाची. पण उद्घाटन करणं, सोडणं या अर्थाचं इंग्रजी लाँच जुन्या फ्रेंचमधून आलेलं, भाल्याच्या लान्सशी नातं सांगणारं. चार शब्द, तीन उगम, आणि कानाला सगळे एक. यानंतर केवळ उच्चार जुळतो म्हणून एकही नोंद मी केली नाही.

सिनॉप्सिस सप्टेंबरात मंजूर झाला असं विद्यापीठाच्या पोर्टलवर दिसत होतं, पण पत्र हातात पडलं नोव्हेंबरात. आणि ग्रंथालयांना ते पत्रच लागतं: शिक्का, सही, विषयाचं नाव, मुदत. आमच्या कॉलेजच्या शिपाईकाकांनी सल्ला दिला, "बाई, प्राचार्यांचं एक वेगळं पत्र घेऊन ठेवा, लेटरहेडवर." तो मानला आणि निभावलं. (शिपाईकाकांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव, प्यून, हेही माझ्या यादीत होतं. पोर्तुगीज पियांव म्हणजे पायी चालणारा, पायदळातला शिपाई. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, पायीच चालतो आम्ही.)

पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय पाटोला आहे. बसस्टँडवरून चालत जाता येतं, रिक्षा करू नका. 1832 सालचं हे ग्रंथालय, जुनी पोर्तुगीज पुस्तकं तिथे वेगळ्या विभागात ठेवली आहेत. सकाळची गाडी पकडून जायचं, दुपारी कॅन्टीनमध्ये भाजी-पाव, संध्याकाळी परत. एसटीचं भाडं, खाणं आणि झेरॉक्स धरून एका फेरीला पाचशेच्या आसपास जायचे. जीर्ण पुस्तकांची झेरॉक्स मिळत नाही, हाताने उतरवून घ्यावं लागतं. फोटो काढण्याआधी विचारा. पेन नको, पेन्सिल न्या.

तिथे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु भेटले. म्हणजे त्यांची पुस्तकं. 1855 साली बार्देशातल्या आसगावात जन्मलेला हा गोंयकार पाद्री पुढे लिस्बनला स्थायिक झाला. आशियातल्या भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचं त्याचं पुस्तक 1913 चं आणि आशियातून पोर्तुगीजमध्ये आलेल्या शब्दांचा दोन खंडांचा कोश 1919 ते 1921 मधला, पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रात छापलेला. पहिल्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर 1936 साली बडोद्याहून निघालं, त्यामुळे पोर्तुगीज न येणाऱ्याने सुरुवात तिथून करावी. दुसऱ्याला पर्याय नाही. तो मूळच वाचावा लागतो.

म्हणून पोर्तुगीज. पणजीत शिकवण्या आहेत, पण मला नोकरीमुळे जमणार नव्हत्या. मी फक्त कोश वाचण्यापुरती शिकले, फोनवरच्या ॲपने आणि एका जुन्या व्याकरणाने. संस्कृत थोडंफार येत असेल तर क्रियापदांची भीती वाटत नाही. अडचण वेगळीच निघाली. 1911 साली पोर्तुगालने लेखनपद्धती सुधारली. त्याआधीच्या पुस्तकांत 'फ' साठी पी-एच, जागोजागी जोडअक्षरं. आजच्या कोशात शब्द सापडला नाही तर जुन्या पद्धतीचे वळसे काढून पुन्हा शोधायचा. हे मला फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने समजावलं. पैसे घेतले नाहीत, फक्त दर वेळी सावंतवाडीहून खाजं आणायला सांगायच्या.

दुसरं मोठं साधन म्हणजे हॉब्सन-जॉब्सन. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 1886 चा हा अँग्लो-इंडियन शब्दकोश, विल्यम क्रुकने सुधारलेली आवृत्ती 1903 ची. नावाची गंमत अशी की मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांच्या कानी पडलेलं रूप म्हणजे हॉब्सन-जॉब्सन. इंटरनेटवर फुकट आहे. प्रत्येक शब्दाखाली सालवार उतारे दिलेले: अमुक प्रवाशाने अमुक साली असं लिहिलं. डिसर्टेशनला लागतो तो हाच पुरावा. शब्दाचा सर्वांत जुना लेखी दाखला कुठल्या भाषेत आहे, आणि तो माणूस तेव्हा कुठल्या बंदरात होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची ऑनलाइन वर्गणी मला परवडणारी नव्हती. त्याची 1884 ते 1928 मधली पहिली आवृत्ती इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर मिळते. तिच्यावर काम करायचं आणि वादग्रस्त शब्दांपुरती नवी आवृत्ती एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बघायची, कारण नव्यात जुने दाखले आणखी मागे गेलेले असतात.

जानेवारीत गाडी रुतली. तीस शब्दांची कार्डं तयार होती, पण त्यांतून म्हणायचं काय ते सुचेना. ते सासूबाईंनी सोडवलं, त्यांच्या नकळत. मी जेवताना मँगोचं सांगत होते: इंग्रजी मँगो, त्याआधी पोर्तुगीज मांगा, त्याआधी मलयाळम-तमिळमधलं मांगा, मांगाय. त्या म्हणाल्या, "मेल्यांका आंबो म्हणाक काय झाला होता? इतके वर्सां गोंयात रवले ना?"

खरंच, काय झालं होतं? चारशे एकावन्न वर्षं गोव्यात राहिलेल्यांनी आंबा शब्द का नाही घेतला? मी कार्डं पुन्हा मांडली. फणसाला पोर्तुगीजमध्ये जाका, इंग्रजीत जॅक, मूळ मलयाळम चक्क. विड्याच्या पानाला बेतेल, बीटल, मूळ वेट्टिल. सुपारीला आरेका, मूळ अडक्क. सागाला तेका, टीक, मूळ तेक्कु. काथ्याला काइरु, कॉयर, मूळ कयर. सुक्या खोबऱ्याला कोप्रा, मूळ कोप्पर. यातली प्रत्येक वस्तू आमच्या परसात आहे आणि एकाही शब्दावर मराठी-कोंकणीचा शिक्का नाही. कारण तारखा. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. कोचीनला वखार पडली ती पुढच्या काही वर्षांत. गोवा आल्बुकर्कने जिंकलं 1510 ला. बारा वर्षं मलबारात व्यापार केल्यावर खलाशांच्या तोंडी फळांची आणि लाकडांची नावं बसून गेली होती. गोव्यात त्यांना आंबा नव्याने भेटला नाही, आधीच ओळखीचा झालेला भेटला. कुठला शब्द कुठून आला याचं उत्तर व्याकरणात नसून बंदरांच्या क्रमात आहे, हेच मग माझ्या डिसर्टेशनचं म्हणणं झालं. सासूबाईंचं नाव ऋणनिर्देशात पहिलं आहे.

हा क्रम इतर किनाऱ्यांनाही लावून बघितला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज पंधराव्या शतकातच पोचले होते. तिथल्या लोकांच्या ताईत-गंडे-मूर्तींना त्यांनी आपला फेइतीसु हा शब्द लावला, म्हणजे केलेलं, बनवलेलं, जादूटोणा. तो फ्रेंचमध्ये फेतीश झाला, तिथून इंग्रजीत फेटिश. गंमत म्हणजे फ्रेंच रूप पुन्हा पोर्तुगीजमध्ये फेतीशी म्हणून परत आलं, त्यामुळे आज त्या भाषेत बाप आणि परदेशी जाऊन आलेला मुलगा शेजारी शेजारी राहतात. त्याच किनाऱ्यावर सौद्याची घासाघीस चाले तिला पोर्तुगीज पालाव्रा म्हणत, साधा अर्थ 'शब्द'. इंग्रज खलाशांनी तो उचलून पलावर केला आणि अर्थ झाला निष्फळ लांबण. ब्राझीलमध्ये तुपी भाषेतून आकाजू घेतला तो पोर्तुगीजमध्ये काजू, इंग्रजीत कॅश्यू, आणि झाडासकट आमच्याकडे येऊन वेंगुर्ल्याची ओळख झाला. मलाक्क्यात त्यांना मंतेरी नावाचे अधिकारी भेटले, मलाय भाषेने संस्कृतातल्या मंत्रीवरून घेतलेले. पोर्तुगीजमध्ये मांदार म्हणजे हुकूम करणं, त्याच्या जवळिकीने शब्द मांदारीं असा वाकला आणि चिनी अधिकाऱ्यांना चिकटला. इंग्रजीत मँडरिन. पुढे त्या अधिकाऱ्यांची भाषाही मँडरिन आणि संत्र्याची एक जातही मँडरिन.

मान्सूनचं कार्ड माझं आवडतं. अरबी मौसिम म्हणजे ठरावीक हंगाम. आपल्या मोसमी वाऱ्यांतला मोसम तोच. पोर्तुगीजमध्ये त्याचं मोंसांव झालं आणि इंग्रजीत येताना वाटेत डच लागले. हा डच दुवा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका माणसाच्या हाताने घडलेला दाखवता येतो. यान हाउखेन फान लिन्सखोटन हा डच तरुण 1583 साली गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून आला, काही वर्षं राहिला, दिसेल ते टिपलं. त्याचं पुस्तक डचमध्ये 1596 ला छापलं आणि लंडनमध्ये इंग्रजीत 1598 ला. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली 1600 साली. म्हणजे इंग्रज इथे यायच्या आधीच इथल्या वस्तूंचे पोर्तुगीज शब्द त्यांच्या हातात छापील होते. त्याआधीचा आणखी एक रस्ता म्हणजे गार्सिया द ओर्ता या वैद्याचं 1563 साली गोव्यातच छापलेलं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक. हा ओर्ता मुंबई बेट भाडेपट्ट्याने बाळगून होता, आणि तिथल्या आपल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याची बढाई मारतो. क्लुसियुस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि ही नावं युरोपभर गेली.

फेब्रुवारीत गाइडनी सुचवलं की लोकांत फिरणाऱ्या खोट्या व्युत्पत्तींवर एक प्रकरण असावं. मला वाटलं पान-दोन पानं भरतील. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि सामग्रीचा पूर आला. टी हा शब्द पोर्तुगीज खोक्यांवरच्या 'त्रान्स्पोर्ती द एर्वाश आरोमातिकाश'च्या आद्याक्षरांतून आला, राजकन्या कॅथरीनने तो लंडनला नेला, वगैरे. कॅथरीन ब्रॅगांझाचं दुसऱ्या चार्ल्सशी 1662 मध्ये लग्न झालं हे खरं, मुंबई आंदण गेली हेही खरं. पण टी आला चीनच्या फुजियान भागातल्या बोलीतून, डचांमार्फत. पोर्तुगीज मकावला व्यापार करत, तिथल्या कँटनी बोलीतून त्यांनी शा घेतला, आपला चहा त्याच बाजूचा. तसंच 'बॉम बाहिया' म्हणजे चांगला उपसागर म्हणून बॉम्बे. बाईया शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे, म्हणजे म्हणायचं तर 'बोआ बाईया' म्हणावं लागेल. कुठलाही पोर्तुगीज इतकं चुकीचं बोलणार नाही. ग्रुपवर हे लिहिल्यावर एका काकांनी मला काही दिवस उत्तर दिलं नाही.

टंकलेखन मी स्वतः केलं, आणि तेच सुचवेन. गावातल्या टायपिंगवाल्याला शेपटीवाला सी आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ए जमेना, जमला तरी प्रिंटरमध्ये चौकोन उमटत. युनिकोड फाँट आणि पीडीएफ, दुसरा मार्ग नाही. मग सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे आपला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा अहवाल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतची समानता चालते. माझी पहिल्यांदा कितीतरी वर गेली, कारण शब्दकोशातले सोळाव्या शतकातले उतारे सगळीकडे तेच असणार. अवतरणं आणि संदर्भसूची वगळून रिपोर्ट काढता येतो, तसा लेखी अर्ज करावा लागतो. तो अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे कळायला एक आठवडा गेला. बाइंडिंगच्या तीन प्रती, सोनेरी अक्षरांसकट, साडेसातशेला पडल्या. शुल्क वेगळं.

एप्रिलमध्ये सादर केलं आणि मग काहीच झालं नाही. पोर्टलवर 'प्रक्रियेत' हा शब्द महिनोन्महिने तसाच. या काळात माणूस स्वतःचं लिखाण उघडून बघतो आणि त्याला सगळं पोकळ वाटतं. फायली बंद ठेवा, दुसरं काही वाचा. मी फादर स्टीफन्स वाचला. 1579 साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट पाद्री पोर्तुगीज राजवटीत राहून मराठीत पुराण लिहून गेला. तीनही भाषा एकाच माणसात.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, अखेर यंदा मार्चमध्ये, कोल्हापूरला. आंबोली घाटातून पहाटेची गाडी. बाहेरचे परीक्षक दोन, त्यातले एक किल्ल्यांचे अभ्यासक निघाले. त्यांनी तीस कार्डांतून नेमकं टँक काढलं. इंग्रजी टँक पोर्तुगीज तांकीवरून की गुजराती-मराठी टांकं, टाकं यांवरून? मी दोन्ही बाजू मांडल्या: पोर्तुगीजमध्ये पाणी अडवणं या अर्थाचं क्रियापद आहे, शब्द तिथला घरचा असू शकतो. आणि पश्चिम किनाऱ्यावर पाण्याच्या टाक्यांना टाकं म्हणणं पूर्वापार. ते म्हणाले, "गडावर टाकं कशाने खोदतात?" टाकीने, मी म्हटलं. छिन्नीला आपण टाकी म्हणतो, संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायचं हत्यार. "मग ते पोर्तुगीजांचं कसं असेल?" मी म्हटलं, नसेलच. पण त्यांचाही शब्द आमचा असण्याची गरज नाही. दोन परके शब्द एका किनाऱ्यावर भेटले, अर्थ जुळला, आणि इंग्रजाला कुणाकडून घेतला ते सांगता येऊ नये इतके ते एक झाले. पहिल्या महायुद्धात चिलखती गाड्यांचं गुपित राखायला त्यांना पाण्याच्या टाक्या म्हटलं, ते नाव रणगाड्याला आजतागायत आहे, हे दुसऱ्या परीक्षकांनी जोडलं आणि पुढची दहा मिनिटं ते दोघेच एकमेकांशी बोलत होते. मी पाणी प्यायले.

दोन दुरुस्त्या सुचवल्या: टँकची नोंद 'पोर्तुगीजमार्गे' या यादीतून काढून 'वादग्रस्त' मध्ये टाका, आणि व्हरांडाही तिथेच न्या. व्हरांडाचंही तसंच आहे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत वारांडा शब्द येतो, आणि संस्कृतात वरंड आहेच. दुरुस्त प्रत पंधरा दिवसांत, टपालाने आणि ईमेलनेही. टपालाची पावती जपून ठेवा. माझी प्रत पोचली नसल्याचं कळवलं गेलं तेव्हा ती पावतीच दाखवली.

ज्यांचा सिनॉप्सिस येत्या ऑगस्टला आहे त्यांनी ग्रंथालयाच्या पत्राचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, मंजुरीची वाट न बघता. गणपतीच्या सुट्टीत सही करायला कुणी नसतं.